काढा खात्यातले मिरजगावकर सर

मिरजगावकर सरांचं नाव सदानंद होतं. त्यांच्या आयुष्यातला हा एकमेव विनोद, आणि तोसुद्धा त्यांच्या वडिलांनी केलेला. मी त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काढली, पण त्यांना हसताना पाहिलं असं शपथेवर सांगता यायचं नाही. एकदा ते हसल्यासारखे वाटले म्हणून मी हातातलं काम टाकून बघायला लागले, तर म्हणाले, "दाढ दुखतेय."

आणि हा माणूस काम काय करत होता म्हणाल? पिंपरीतल्या एका औषधाच्या कंपनीत उदासीवरचं औषध शोधत होता. आता बोला!

मुलाखतीला मी दापोडीहून आईची ठेवणीतली साडी नेसून, बसमध्ये चुण्या पडू नयेत म्हणून उभ्यानेच गेले होते. टेबलापलीकडे तिघे बसले होते. दोघांनी हसून बसा म्हटलं. तिसरे सर. उंच, खांद्यात वाकलेले, चैत्राच्या उन्हात खुर्चीला छत्री टेकवून ठेवलेली. त्यांनी माझी बी.एस्सी.ची गुणपत्रिका बघितली आणि कोणी गेल्याची बातमी सांगावी त्या आवाजात म्हणाले, "गुण चांगले आहेत." मी आभार मानणार तेवढ्यात पुढे म्हणाले, "मग इथे कशाला येता? हे खातं वर्षभरात बंद होणार आहे."

बाकीचे दोघे कागद चाळायला लागले. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "तोवर तरी नोकरी मिळेल ना, सर?"

"तोवर मिळेल," ते म्हणाले. "पण मग सवय लागते."

मला नोकरी लागली. खातं त्या वर्षी बंद झालं नाही, त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. दर दिवाळीला मात्र सर मला बोलावून सांगायचे, "पुढची दिवाळी काही आपण इथे पाहत नाही." हीच त्यांची दिवाळीची भेट. पहिल्या वर्षी मी घरी जाऊन रडले होते. पुढे मला त्याशिवाय दिवाळी आल्यासारखंच वाटेना.

आमचं खातं म्हणजे कारखान्याच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या. पुढे इंजेक्शनांचा मोठा प्लँट, पांढरेशुभ्र डगले, एअरकंडिशनर, मागे आम्ही. एका खोलीत मुळ्या उकळायच्या, दुसऱ्या खोलीत पांढरे उंदीर. कागदावर खात्याला भलंमोठं इंग्रजी नाव होतं, पण कँटीनपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळे 'काढा खातं' म्हणायचे. "काय पाटणकरबाई, आज कसला काढा?" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी शेवटी मी "तुमचाच," म्हणायला लागले होते.

त्यात जटामांसीची मुळी. तिचा वास ज्याला माहीत नाही त्याने देवाचे आभार मानावेत. ओल्या मोज्यात अत्तर सांडल्यासारखा वास. केसांत बसतो, साडीत बसतो, डब्यातल्या पोळीतसुद्धा बसतो. संध्याकाळी बसमध्ये मी शिरले की शेजारची बाई दोन मिनिटांत उठून पुढे जायची. मला दापोडीपर्यंत ऐसपैस बसायला मिळायचं, तेवढाच त्या नोकरीतला फायदा.

खात्यात आम्ही तिघंच. सर, मी आणि उंदरांचं बघणारा बबन. बबन मोशीचा, नदीकाठच्या शेतकरी घरातला. उंदरांचे पिंजरे धुणं, त्यांना खायला घालणं हे त्याचं काम, आणि मन लावून करायचा. फक्त उंदराला पाण्यात सोडायच्या आधी तो दर वेळी त्याला कपाळाशी नेऊन नमस्कार करायचा. सर म्हणायचे, "बबन, वेळ जातो." बबन म्हणायचा, "गनपतीचं वाहान हाय, सर. असंच कसं बुडवायचं?"

"बुडवत नाही आपण. पोहायला लावतो."

"आमी बी लहानपनी इंद्रायनीत असंच म्हनायचो," बबन म्हणायचा आणि पुन्हा नमस्कार करायचा.

पोहण्याचं प्रकरण सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. उंदीर उदास आहे हे ओळखायचं कसं? तो काही सांगत नाही, उसासे टाकत नाही. तर परदेशात कोणीतरी युक्ती काढली होती. काचेच्या उंच बरणीत पाणी घ्यायचं आणि उंदराला त्यात सोडायचं. तो आधी हातपाय मारतो, काचेवर चढायला बघतो. बरणी निसरडी, चढता येत नाही. मग एका क्षणी तो सगळं सोडून देतो, नुसतं नाक वर ठेवून तरंगत राहतो. म्हणजे त्याने आशा सोडली. मग लगेच त्याला काढून कोरडा करायचा. ज्या औषधाने उंदीर जास्त वेळ हातपाय मारत राहील, ते औषध माणसाच्या उदासीवरही चालेल, असा त्यामागचा हिशेब. उंदराने प्रयत्न सोडले की मी घड्याळ दाबायचं. त्याला काहीतरी इंग्रजी शब्द होता. आमच्यात शब्द होता 'टेकला'. हात टेकले म्हणून टेकला. बबन बरणीत डोळे घालून ओरडायचा, "टेकला, बाई, टेकला!" आणि मी घड्याळ दाबायची. कँटीनमधली पोरं खिडकीखालून जाताना विचारायची, "कोण टेकला? सर का?"

सर टेकलेलेच असायचे, हे खरं. "कसं काय सर?" म्हटलं तर "बघू." लग्नाची पत्रिका दिली तर "बरं. मुलगा कसा आहे ते कळायला वेळ लागतो." जगातल्या कुठल्याही घटनेवर त्यांचं मत एकच, "एकंदरीत कठीण आहे." खंडेनवमीला सगळ्या कंपनीत यंत्रांची पूजा व्हायची. आम्ही बरण्यांना झेंडूच्या माळा घालायचो आणि घड्याळाला हळदकुंकू. एका वर्षी कामगारांनी आग्रह करून सरांना पुढच्या शॉपमध्ये भाषणाला उभं केलं. सर म्हणाले, "या वर्षी कोणाचं बोट मशीनमध्ये गेलं नाही. त्यामुळे पुढच्या वर्षाची मला काळजी वाटते." सगळं शॉप हसलं. सरांना कळेना लोक का हसताहेत. ते मनापासून बोलले होते.

पण गंमत ऐका. कंपनीत कोणाचं काही बिनसलं की तो माणूस हळूच मागच्या बाजूला, काढा खात्यात यायचा. देवाशपथ सांगते, मी स्वतः पाहिलंय. एक फिटर होता बीडकडचा. त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. तो येऊन सरांच्या शेजारच्या स्टुलावर बसला.

"लई वाईट झालं बगा, सर."

"वाईट झालं की बरं झालं, हे आत्ता सांगता येत नाही," सर मुळ्या निवडता निवडता म्हणाले. "माझ्या मामाचं ठरलेलं लग्न मोडलं नाही."

"मंग?"

"मग काय. एकंदरीत कठीण गेलं त्याला."

फिटर त्यांच्याकडे बघतच राहिला आणि मग असा हसत सुटला की स्टुलावरून पडायचा बाकी राहिला. सर गंभीरपणे त्याच्या पाठीवर थोपटत होते. रडू नकोस, सगळं चांगलं होईल, असं सांगणारे शंभर भेटतात. सरांच्या शेजारी बसलं की वाटायचं, आपलं दुःख आपल्यापेक्षा जास्त कोणीतरी मनावर घेतलंय, मग आपण कशाला एवढं धरून बसायचं? फिटर नंतर कितीतरी दिवस चहाच्या सुट्टीत येऊन बसायचा. सर मला म्हणायचे, "याला दुसरं काम नाही का?"

असा हा सगळ्यावरचा विश्वास उडालेला माणूस एका मुळीवर मात्र विश्वास ठेवून होता. त्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. दुपारची वेळ होती, मी जटामांसीची पूड चाळत होते, वासाने डोकं उठलं होतं, आणि मी चिडून म्हटलं, "सर, या घाणीत खरंच काही आहे का?"

"आहे," सर म्हणाले. त्यांच्या तोंडून 'आहे' हा शब्द इतका सरळ मी त्याआधी ऐकला नव्हता. "मी घरात पाहिलंय."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं पहिलं बाळ जन्मताच गेलं. त्यानंतर वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, खिडकीशी बसल्या त्या बसल्याच. वेणी घालायच्या नाहीत, बोलायच्या नाहीत, जेव म्हटलं तर चार घास. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी नुसती झोप यायची. शेवटी गावाकडच्या एका वैद्यांनी जटामांसी दिली. सर रोज संध्याकाळी कंपनीतून आले की काढा उकळायचे आणि कप घेऊन वहिनींजवळ बसायचे. असं जवळजवळ वर्षभर. मग एक दिवस ते घरी आले तर वहिनींनी वेणी घातली होती, आणि शेजारणीशी भाजीवाल्यावरून भांडत होत्या.

"इतकं सुंदर भांडण मी कधी ऐकलं नाही," सर म्हणाले. "तेव्हाच ठरवलं. ही मुळी काय करते ते शोधून काढायचं. अशा आणखी किती खिडक्यांशी किती बायका बसल्या असतील, पाटणकरबाई."

पूड मी त्या दिवसापासून न कुरकुरता चाळायला लागले.

पुढे एका वर्षी सरांचं भाकीत खरं व्हायची वेळ आली. मुंबईच्या हेड ऑफिसातून निरोप आला की या खेपेला जटामांसीचा पक्का निकाल दाखवा, नाहीतर खातं बंद. इतकी वर्षं तेच सांगत आलेला माणूस, आता खूश व्हायला हवा होता की नाही? कसलं काय! सर पार हवालदिल झाले. डबा तसाच परत न्यायचे. मला म्हणाले, "नोकरीचं काही नाही हो. मला कुठेतरी टाकतील. पण मुळीचं राहून जाईल."

आम्ही कामाला लागलो. उंदरांचे दोन गट केले. एका गटाला रोज ड्रॉपरने जटामांसीचा अर्क, दुसऱ्याला नुसतं पाणी. खोली तीच, खाणं तेच, पिंजरे तसेच. सरांचा त्याबाबत कटाक्ष असा की पिंजऱ्यावर ऊनसुद्धा सारखं पडलं पाहिजे. दोन्ही गटांत फरक फक्त औषधाचा.

आणि काय सांगू! पाणी घेतलेले उंदीर नेहमीसारखे थोड्या वेळात टेकले. जटामांसीवाले टेकेचनात! शर्यत लावल्यासारखे गोल गोल पोहत होते. बबन बरणीवर वाकून वाकून दमला. म्हणाला, "बाई, ह्यो तर आळंदीला पोचंल पवत."

सर म्हणाले, "चूक असेल. पुन्हा करा." पुन्हा केलं. नवे उंदीर घेतले, तरी तेच. सर बराच वेळ बरणीकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "पाटणकरबाई, एकंदरीत..." आणि थांबले. शब्द सापडत नव्हता बिचाऱ्यांना. सवयच नाही. "एकंदरीत बरं आहे," ते म्हणाले.

बबनने मला बाजूला घेऊन विचारलं, "सरांस्नी बरं न्हाई का?"

मुंबईला निकाल गेला आणि तिकडे एकदम दिवाळी. औषधाचं नावसुद्धा ठरलं, 'उल्हासीन'. बाटलीवर हसऱ्या बाईचं चित्र. सरांना नमुना दाखवला तर म्हणाले, "घाईत वाचलं तर उदासीन वाटतं." पण बाटली त्यांनी टेबलावर ठेवून घेतली होती आणि जाता येता तिच्याकडे बघत होते. एक दिवस छत्री न घेता आले. मी मनात म्हटलं, आता पाऊस नक्की.

मग हेड ऑफिसचे मर्चंट साहेब स्वतः बघायला आले. गोरेपान, गुबगुबीत, सदा घाईत असलेले गृहस्थ. त्यांना मराठी बोलायची भारी हौस. काढा खात्याला कधी नव्हे तो चुना फासला गेला, कारखान्याचे मॅनेजर दारात रुमालाने नाक दाबून उभे राहिले. "मिरजगावकर, मला तुमचा सगळा सिस्टिम दाखवा," मर्चंट साहेब म्हणाले.

सर दाखवायला लागले. पिंजऱ्यातून उंदीर काढला, ड्रॉपरने अर्क पाजला. उंदराने तोंड वाकडं केलं. सर हळू आवाजात म्हणाले, "झालं हं, झालं. कडू आहे, ठाऊक आहे मला. शहाणं बाळ ते." शेजारच्या वाटीतून मुगाएवढा गूळ बोटावर घेतला, उंदराला चाटवला, त्याच्या पाठीवरून दोनदा बोट फिरवलं आणि त्याला पिंजऱ्यात सोडलं.

यात आम्हा कोणालाच नवीन काही नव्हतं. रोज हेच चालायचं. सर नसले तर मी करायची, मी नसले तर बबन. कडू औषध घशाखाली गेलं की हातावर गूळ ठेवायचा, पाठीवरून हात फिरवायचा. माझ्या आईने मला असंच वाढवलं, तिच्या आईने तिला. गूळ बबन घरून आणायचा. ही काही प्रयोगातली गोष्ट आहे असं कोणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. औषध पाजायची ती रीतच.

मग सरांनी दुसऱ्या गटातला उंदीर घेतला. त्याला पाणी पाजलं. पाणी काही कडू नसतं, तेव्हा ते त्याला परत ठेवायला निघाले. तर तो उंदीर जाईना. सरांच्या बोटाला गुळाचा वास लागला होता, तो हुंगत बसला. बोट सोडीचना.

सर थांबले. उंदराकडे बघितलं, मग आपल्या बोटाकडे, मग गुळाच्या वाटीकडे. त्यांचा चेहरा बघून मला काय झालं ते त्याच क्षणी कळलं, आणि मी मनातल्या मनात गणपतीला विनवलं की यांना आत्ता बोलायची बुद्धी देऊ नकोस.

मर्चंट साहेबांना काहीच कळलं नव्हतं. "वंडरफुल," ते म्हणाले आणि दाराकडे वळले.

"साहेब, थांबा," सर म्हणाले. "पंक्तिप्रपंच झाला."

"कोणता प्रपंच?"

"एकाच पंगतीत बसवून एकाला तूप वाढायचं आणि शेजारच्याला नाही, त्याला म्हणतात."

"तुमी उंदराला तूप देते?"

"गूळ. आणि पाठीवरून हात. एकाच गटाला. औषधवाल्या."

मर्चंट साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी इंग्रजीतून सांगायचा प्रयत्न केला, पण पंक्तिप्रपंचाला इंग्रजीत काय म्हणतात हे मला आजही माहीत नाही. शेवटी त्यांना मुद्दा कळला. ते हसले. "अरे, थोडासा गूळ! त्याच्यानं काय होते?"

"तेच मला ठाऊक नाही," सर म्हणाले. "म्हणून पुन्हा करून बघायला हवं. दोघांना सारखं वाढून."

"मिरजगावकर, लेबल छापायला गेला. हे कोणाला समजनार हाय?"

सर नुसते त्या उंदराला बोटावर घेऊन उभे राहिले. मर्चंट साहेब वैतागून गाडीत जाऊन बसले. "करा," काच खाली करून ते म्हणाले, "पण निकाल पयलासारखाच पायजे."

खरं सांगते, मला सरांचा इतका राग आला होता! माझं लग्न तोंडावर आलं होतं, नोकरी हवी होती, बबनच्या घरी खाणारी तोंडं होती. एक वाक्य गिळायला काय जात होतं? संध्याकाळी मी तोंडावर विचारलंसुद्धा, "सर, कशाला सांगितलंत? औषध वाईट तर नव्हतं ना? कोणाला अपाय तर होत नव्हता?"

सर मुळ्या आवरत होते. म्हणाले, "बाटली बाजारात गेली असती. एखादी बाई ती घेऊन खिडकीशी बसली असती, आता बरं वाटेल, मग बरं वाटेल, म्हणून वाट बघत. बाटलीबरोबर पाठीवरून हात फिरवायला कोण जाणार होतं तिच्याकडे?"

माझा राग तिथल्या तिथे गेला असं म्हणणार नाही. पण बसमध्ये बसल्यावर गेला.

पुन्हा प्रयोग केला. या खेपेला सगळ्यांना गूळ, सगळ्यांच्या पाठीवरून हात. पाणी घेतलेले उंदीर असे पोहले की बबन टाळ्या वाजवायला लागला आणि मग सरांचा चेहरा बघून एकदम गप्प झाला. सरांनी आणखी एक गट केला, नुसत्या जटामांसीचा, गुळाशिवाय, बोट न लावता. ते बिचारे बरणीत पडले न पडले तोच टेकले. कोणी ओरडलंसुद्धा नाही. पुढे दुसऱ्या कोणी जटामांसीत काही शोधून काढलं असेल तर मला माहीत नाही. आमच्या बरणीत तरी तिच्यात काही निघालं नाही.

"आमच्याकडं पावन्याला बी गूळपानी देत्यात," बबन नंतर म्हणाला, "ह्यास्नी आपुन नुस्तं पानीच देत व्हतो."

मुंबईहून फोन आला तेव्हा मी शेजारीच उभी होते, मर्चंट साहेबांचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. "मग आता बाटलीत काय भरू? गूळ भरू की मिरजगावकरला भरू?"

"दोन्ही टिकाऊ नाहीत," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

खातं बंद झालं. उंदीर एका कॉलेजला दिले, बबन पुढच्या प्लँटमध्ये गेला, मला पॅकिंगमध्ये घेतलं, आणि सरांना गोळ्यांवरचे छापे तपासायला बसवलं. सर्वांत वाईट काय वाटलं सांगू? इतकी वर्षं जे म्हणत होते ते खरं झालं, तरी "मी म्हटलं नव्हतं?" असं सर एकदासुद्धा म्हणाले नाहीत.

त्यांचा खलबत्ता आणि चार पुस्तकं खोलीत राहिली होती. ती द्यायला मी एका रविवारी त्यांच्या चिंचवडच्या घरी गेले. वहिनींना मी त्याआधी कंपनीच्या हळदीकुंकवात दोन-तीनदा पाहिलं होतं. ठसठशीत कुंकू, मोठा आवाज, आणि बोलण्यापेक्षा हसणंच जास्त. या दोघांचं जमतं कसं, असं एकदा कोणी बायकांत विचारलं होतं, तर वहिनी म्हणाल्या होत्या, "घरात एकाने हसलं की पुरतं. दोघं हसायला लागलो तर स्वयंपाक कोण करणार?"

वहिनींनी उपमा केला. सर व्हरांड्यातल्या खुर्चीवर खलबत्ता मांडीवर घेऊन बसले होते. उपमा खाऊन झाल्यावर एकदम म्हणाले, "अगं, तुला एक विचारायचं आहे. पाटणकरबाई आहेत तेवढ्यात विचारतो."

"विचारा की. एवढं काय?"

"जटामांसीत काही नाही, हे आता सिद्ध झालं. मग तू बरी कशी झालीस?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "रागवायचं नाही हं."

"मी कधी रागावतो?"

"मी काढा प्यायलेच नाही हो."

सर बघतच राहिले. "एकदाही?"

"पहिल्या दिवशी एक घोट घेतला होता. शी! तो काय घशाखाली उतरतो होय? मग तुम्ही गुळाचा खडा आणायला आत वळलात की मी कप खिडकीतून रिकामा करायची. त्या जुन्या बिल्डिंगीत खाली जोशीबाईंचं अळू नव्हतं का?"

"आणि अळू?" सरांनी विचारलं. शास्त्रज्ञ तो शास्त्रज्ञच.

"माजलं होतं नुसतं! आठवत नाही? बिल्डिंगभर वाटत होत्या त्या."

मला हसू आवरेना. तोंडात चहा होता, तो सांडला. वहिनी तर डोळे पुसत होत्या हसून हसून. सर मात्र तसेच बसले होते. "जवळजवळ वर्षभर," ते म्हणाले. "वर्षभर मी काढा उकळला. त्याच्यावर पुढचं सगळं आयुष्य काढलं. मला सांगायचं तरी."

वहिनींचं हसणं थांबलं. त्यांनी पदर सारखा केला. "सांगितलं असतं तर तुम्ही काढा बंद केला असता," त्या म्हणाल्या. "मग संध्याकाळी आल्या आल्या माझ्याजवळ येऊन बसला असतात का?"



"बसलो असतो," सर म्हणाले. मग जरा वेळाने, खोटं बोलायची सवय नसल्यामुळे, म्हणाले, "सांगता येत नाही."

मी कपबशा उचलून आत ठेवल्या, येते म्हटलं आणि चपला घातल्या. वहिनींनी हळदीकुंकू लावलं, पुन्हा ये म्हणाल्या आणि दारापाशीच्या पायरीवर बसल्या. फाटकाची कडी लावताना मी मागे वळून बघितलं. सरांनी मांडीवरचा खलबत्ता खाली ठेवला होता. ते उठले, खुर्ची उचलून वहिनींच्या अगदी शेजारी नेऊन ठेवली, आणि बसले. समोरच्या नव्या इमारतीकडे बोट दाखवून काहीतरी सांगायला लागले, बहुतेक ती पडणार असं असावं, कारण वहिनी हसायला लागल्या होत्या. सरांच्या हातात कप वगैरे काही नव्हता.